चहाच्या टेबलावरची रिक्वायरमेंट

प्रश्न : स्लाऊमधल्या आमच्या प्रोजेक्टमध्ये क्लायंटच्या अर्ध्या मागण्या चहाच्या वेळी नाहीतर व्हॉट्सॲपवर ठरतात. हे बंद करावं का?

उत्तर : मुळीच नाही. खरी माहिती तिथेच मिळते.

याचं एक उदाहरण पाहा. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्यासाठी नवी संगणकप्रणाली सुरू केली. दुसऱ्याच दिवशी काही काम पुन्हा हाताने करण्यावर परतावं लागलं. पूर्वी चिठ्ठ्यांवर काम चाले. कर्मचाऱ्यांनी ठरलेल्याऐवजी दुसरीच गाडी नेली, तरी नियंत्रण कक्षातली माणसं बोलून निभावून नेत. संगणकाला हे जमेना, कुठली गाडी कुठे याचा हिशेब बिघडला. वापरणाऱ्यांचा सहभाग अपुरा होता, हे १९९३च्या चौकशी अहवालातही आलं.

म्हणून गप्पा चालू द्या. मात्र ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी ईमेलने क्लायंटकडून पक्की करून घ्या.