शेतावरील अनोळखी शिकारी पक्षी कसा ओळखावा

वर्धा जिल्ह्यांत कापसाची वेचणी सुरू होऊन हरभरा व गहूं जमिनीवर डोकावूं लागले, म्हणजे वावरांतून कांहीं अनोळखी शिकारी पक्षी फिरतांना दिसतात. पुष्कळ शेतकरी त्या सर्वांस ‘घार’ या एकाच नांवानें ओळखतात; आणि घार म्हणजे कोंबडीचीं पिलें नेणारी, म्हणून त्यांजवर दगड उचलतात. वस्तुतः यांपैकीं बहुतेक पक्षी उंदीर व टोळ यांवर पोट भरणारे आहेत. मित्र कोण व चोर कोण हें ठरविण्यापूर्वीं पक्षी ओळखतां आला पाहिजे. त्याची सोपी रीत आम्ही येथें देत आहों.

पाहण्याचा क्रम

केवळ रंगावरून ओळखूं गेल्यास फसगत होते. एकाच जातींत नर, मादी व पिलूं यांचे रंग निरनिराळे असतात. शिवाय उन्हाकडे तोंड करून पाहतांना प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. म्हणून पुढील क्रमानें पाहावें :—

(१) आकार : कावळ्याएवढा, घारीएवढा, कीं त्याहून मोठा?
(२) पंख व शेपटी : पंख टोंकदार कीं गोलट? शेपटी लांब, आंखूड, कीं खांचलेली?
(३) उडण्याची तऱ्हा : उंच घिरट्या घालतो, पिकालगत तरंगतो, कीं हवेंत एका जागीं थांबतो?
(४) बसण्याची जागा : तार, बाभळीचा शेंडा, दाट झाड, कीं उघडी जमीन?
(५) ऋतु : बारमाही दिसतो, कीं फक्त हिंवाळ्यांत?
(६) रंग : सर्वांत शेवटीं.

नेहमींची घार ही आपली मोजपट्टी समजावी. तिची लांबी सुमारें ६० सेंटिमीटर, रंग तपकिरी, आणि मिटलेली शेपटी माशाच्या शेपटीसारखी खांचलेली असते. ही खांच नसेल तर पक्षी बहुधा दुसरा आहे.

हवेंत एका जागीं थांबणारे

कापशी कावळ्याहून लहान असते. वरून राखी, खालून कापसासारखी पांढरी, खांद्यावर काळा डाग आणि डोळे तांबडे. तारेवर बसली असतां ती शेपटी वरखालीं हालविते. ही बारमाही असून तिचें मुख्य भक्ष्य उंदीर होय. उंदीर वाढले कीं हिची वीणही वाढते. खरूची ही हिंवाळी पाहुणी. तिची पाठ विटकरी, शेपटी लांब व टोंकापाशीं काळा पट्टा असतो. ती टोळ, सरडे व उंदीर धरते. असाच हवेंत थांबणारा, पण घारीहून मोठा, पोटाकडून फिका आणि वाटोळ्या डोक्याचा पक्षी दिसला, तर तो सापमार गरुड समजावा. नांवाप्रमाणेंच तो सापांवर जगतो.

भोवत्या

सर्वांत अनोळखी वाटणारा पक्षी हा होय. अंग सडपातळ, पंख व शेपटी लांब. हा माणसाच्या उंचीच्या आंतबाहेर, पिकाच्या शेंड्यांवरून संथपणें तरंगत जातो. चारदोन वेळां पंख मारून ते उथळ द्रोणासारखे वर धरतो, एकाएकीं मागें वळतो आणि खालीं उतरतो. झाडावर तो सहसा बसत नाहीं. ढेंकळावर किंवा बांधावर बसतो, आणि रात्रीं अनेक जण मिळून उंच गवतांत जमिनीवरच वस्ती करतात. नर फिका राखी. मादी तपकिरी असून तिच्या शेपटीच्या मुळाशीं पांढरा पट्टा असतो. पांढुरका भोवत्या व माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या वेगळ्या ओळखणें जाणत्यांसही कठीण जातें. शेतकऱ्यास ‘भोवत्या’ एवढी ओळख पुरेशी आहे.

हे पक्षी मध्य आशियांतील गवताळ मैदानांतून सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतात व मार्च-एप्रिलांत परततात. गुजराथेंत वेळावदर येथील गवतांत त्यांची फार मोठी रात्रवस्ती भरते. टोळ, उंदीर व लहान पक्षी हा त्यांचा आहार. कोंबडीच्या पिलाशीं त्यांचा संबंध क्वचितच येतो.

बसून टपणारे

तिसा हा खांबावर वा धुऱ्यावरील बाभळीवर तासन् तास बसतो. पांढऱ्या गळ्यावर मधोमध काळी रेघ आणि प्रौढ पक्ष्याचा पांढुरका डोळा या खुणा. टोळ, सरडे, उंदीर हें त्याचें भक्ष्य. शिक्रा मात्र दाट झाडांत व बागेंत राहतो. पंख आंखूड व गोलट, शेपटी लांब व पट्टेदार. सरडे व लहान पांखरें हा त्याचा नेहमींचा आहार असला, तरी तो प्रसंगीं कोंबडीचें पिलूंही उचलतो. त्याच्याविषयींची आणि घारीविषयींची तक्रार खरी आहे; परंतु तिचा उपाय पिलें जाळीआड किंवा डालग्याखालीं ठेवणें हाच.

गोळीची परीक्षा

आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षां स्वतः पाहावें. शिकारी पक्षी न पचलेले केस, हाडें व टोळांचे पाय यांची गोळी तोंडावाटे टाकतात. कापशीच्या नेहमींच्या बैठकीखालीं अशा गोळ्या सांपडतात. त्या कोमट पाण्यांत भिजवून काडीनें उकलाव्या. उंदराचे वांकडे, पिंवळसर पुढले दांत सहज ओळखूं येतात. नंतर हात साबणानें धुवावे.

विषाचा धोका

सन १९९५-९६ च्या हंगामांत अर्जेंटिना देशांत टोळांसाठीं मोनोक्रोटोफॉस फवारलें गेलें. उत्तर अमेरिकेंतील थंडी टाळून तेथें आलेले स्वेन्सनचे बाज ते टोळ खाऊन हजारोंनीं मेले. हेंच औषध विदर्भांत कपाशीवर अनेक वर्षें फवारलें गेलें आहे, हें ध्यानांत घ्यावें. आपल्याकडे गिधाडांचें उदाहरण याहून कडू आहे. डायक्लोफिनॅक दिलेलीं मेलेलीं गुरें खाऊन तीं मरत, हें कारण २००४ सालीं सिद्ध होईपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शेंकडा ९० हून अधिक नाहींशीं झालीं होतीं. जनावरांसाठीं त्या औषधावर २००६ सालीं बंदी आली.

काय करावें

सावकाश मारणारें उंदरांचें विष, जसें ब्रोमॅडिओलोन, टाकल्यास उंदीर कित्येक दिवस झिंगून फिरतो व पक्ष्यास आयता सांपडतो. म्हणून मेलेले उंदीर रोज वेंचून खोल पुरावे. हरभऱ्यांत पक्ष्यांस बसण्यासाठीं काठ्यांचे थांबे उभारावे. त्यांवर तिसा व कापशी येतात. भोवत्यास थांबा चालत नाहीं, त्यास गवत हवें. तेव्हां पडीत व धुऱ्यांवरील गवत हिंवाळ्यांत पेटवूं नये. शिकारी पक्षी मारणें हा सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे, हेंही लक्षांत असावें.

प्रत्येक शेतकऱ्यानें वहींत तारीख, शेत, पीक, आकार, उडण्याची तऱ्हा व बसण्याची जागा एवढें टिपून ठेवावें. दोनतीन हिंवाळ्यांच्या अशा नोंदी जमल्या, म्हणजे आपल्या शेतावर कोणता पक्षी केव्हां येतो, आणि कोणता येईनासा झाला, हें स्वतःस कळेल.