भिंतीतली ओल आणि छातीतली घरघर

जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर टाकायचा, असं चार-पाच वेळा झालं की घरात शिरायला पायरी चढावी लागत नाही, उतरावी लागते. जोत्यावर उभी असलेली भिंत आता हात-दीड हात जमिनीत गेलेली असते. दिवाळीला रंग मारायचा आणि पुढच्या श्रावणात पोपडे झाडायचे, हे मग दरवर्षीचंच.

दिव्याच्या वातीत तेल चढतं, तसं विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं. ते अडवायला गवंडी जोत्यावर डीपीसीचा थर देतात. पण बाहेरची माती त्या थराच्या वर आली, की ती थेट वरच्या विटांना पाणी पाजते. मुरमातून पाणी लवकर निघून जातं. काळी माती मात्र ते धरून ठेवते, म्हणून पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस भिंत ओली राहते. शिवाय भिंतीलगत पाणी साठलं तर दाब येतो : एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे १,००० किलो. एवढ्यापुढे ऑइलपेंट काय टिकणार! पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर पांढरे फुटतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. आतून सिमेंटचा गिलावा केला तर ओल जात नाही; वाट बंद झाल्याने ती आणखी वर चढते.

सगळीच ओल जमिनीतली नसते. बंद खोलीत स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे यांची वाफही गार भिंतीवर धरते. पारखायचं असेल तर भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर वाफ. मागे, भिंतीच्या बाजूला दिसले तर भिंतीतलं पाणी.

ओलीवर बुरशी धरते, तिचे कण श्वासातून जातात. ओल व बुरशी असलेल्या घरांत खोकला, घरघर आणि दमा जास्त आढळतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. बाळाची घरघर ‘हवा बदलली’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं आणि घरातल्या ओलीबद्दलही सांगावं. पंप दिला असेल तर मनाने बंद करू नये.

खरा उपाय बाहेरून आहे. भिंतीलगतची माती डीपीसीच्या खाली जाईल इतकी काढा, चर खणून त्यात खडी भरा आणि उतार घरापासून दूर द्या. पागोळ्यांचं पाणी पन्हळीने लांब सोडा. रस्ता पुन्हा होणार असेल तर आधी जुना थर खरवडावा, असा लेखी अर्ज वस्तीने मिळून द्यावा. एकट्याचा अर्ज पडून राहतो. बुरशी नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडी झाडू नका. आणि हे सगळं होईपर्यंत मुलाचं अंथरूण त्या भिंतीपासून दूर घाला.