बेल्ट लावला तरी टूं टूं थांबत नाही तेव्हा

जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढताना बेल्ट खटकन बसतो, तरी मीटरवरचा लाल दिवा विझत नाही आणि टूं टूं चालूच राहतं. वैतागून बरेच जण बकलमध्ये नुसती क्लिप खुपसतात. ते करू नका. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा विकायला बंदी केली. बकलमधल्या स्विचला फक्त बेल्टची जीभ आत आल्याचं कळतं. पट्टा माणसाच्या छातीवर आहे की नाही, हे त्याला कळतच नाही.

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये चालक आणि शेजारची सीट, दोन्हींसाठी बेल्ट लावायची ही सूचना सक्तीची आहे. शेजारच्या सीटच्या गादीखाली वजन ओळखणारा सेन्सरही बहुतेकदा असतो. म्हणून आधी त्या सीटवरची पिशवी किंवा मोसंबीचं कॅरेट उचला. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

आवाज तरीही येत असेल, तर बकलकडे वळा. जीभ आत शिरली की स्प्रिंगवरचा छोटा सरकता तुकडा मागे ढकलला जातो, आणि तोच तळाशी असलेल्या स्विचला दाबतो किंवा सोडतो. आपल्याकडची धूळ, शेंगदाण्याची फोलं, पुडीचा तुकडा तिथे अडकला की स्प्रिंगवरचा तुकडा पुरता सरकत नाही. मोबाइलचा टॉर्च मारून फटीत नीट बघा. व्हॅक्यूमच्या बारीक नळीने कचरा ओढून काढा. हवा मारू नका, कचरा आणखी खोल जातो. तेलही सोडू नका. त्यावर धूळ चिकटून बसते. मग जीभ वीसेक वेळा आतबाहेर करा.

एवढ्यानेही फरक पडला नाही, तर किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि काही मिनिटं थांबा. आता सीटखाली बघा. पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका, मल्टिमीटरची टोकं तर मुळीच नकोत. तो एअरबॅगचा किंवा बेल्ट घट्ट ओढणाऱ्या स्फोटक यंत्रणेचा असतो. बकलमधून येणाऱ्या बारीक वायरी नेमक्या कोणत्या, हे गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून पक्कं करा. खात्री नसेल तर इथेच थांबून वायरमनला बोलवा.

साधा दोन वायरींचा स्विच असेल, तर त्याचा कनेक्टर सोडून बकलच्या बाजूने मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. जीभ आत घातल्यावर आणि काढल्यावर मीटर वेगवेगळं बोलायला हवं. आत घातल्यावर जोडणी होते की तुटते, हे गाडीगणिक बदलतं. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, तर स्विच गेला. बकल उघडून डागडुजी नको, अख्खं बकल बदला. काही गाड्यांत चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो. तिथे मीटर कामाचं नाही, स्कॅनरच हवा.

उत्तर बदलत असेल, तर संशय वायरीवर. सीट मागेपुढे सरकताना ती रुळात घासते. सोलपटलेली जागा तिथेच सापडेल.

बॅटरी जोडून किल्ली फिरवा. बेल्ट लावल्यावर दिवा विझला आणि काढल्यावर पुन्हा पेटला पाहिजे. सीट पुढे, मागे आणि मधे ठेवून तिन्ही ठिकाणी हे करून पाहा.