पाच पानं, एक साक्षीदार

जुना जालना

चि. ताईस,

असईच्या लढाईवरचा तुझा कच्चा मसुदा वाचला. मराठ्यांकडचे सहा हजार मेले किंवा जखमी झाले, या वाक्याला तू पाच संकेतस्थळांचा आधार दिला आहेस. पाचही उघडून पाहिली. मजकूर जवळपास एकच, आणि हा आकडा कुणी, कसा मोजला हे एकाही पानावर नाही. बाळा, एकाचं ऐकून चौघांनी सांगितलं तरी साक्षीदार एकच राहतो.

आता त्याच लढाईचा दुसरा आकडा बघ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतले ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. पलटणीला आपली माणसं नावानिशी ठाऊक असतात. लढाईनंतर हजेरी घेतली की कोण नाही ते कळतं. मराठ्यांची, म्हणजे शिंदे-भोसल्यांची, फौज मात्र पांगून गेली. तिची हजेरी इंग्रजांनी कुठून घ्यायची? तिथे अंदाजच. शिवाय शत्रूचं नुकसान वाढवून सांगण्यात जिंकणाऱ्याचा फायदा असतो, स्वतःचं वाढवून सांगण्यात नसतो. म्हणून एकाच बाजूच्या कागदांतली एक ओळ भरवशाची आणि दुसरी जपून घ्यायची, असं होतं. अमुक संकेतस्थळ चांगलं का, एवढंच विचारून भागत नाही. प्रत्येक विधानाला वेगळं विचारावं लागतं. मूळ कागद बघायचे तर वेलस्लीचे खलिते गरवुड या संपादकाने १८३४ पासून छापले. ते खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. इंग्रजी जुनं आहे, पण तुला जमेल.

एका पानावर ‘असई, जिल्हा औरंगाबाद’ असं होतं, ते तू चूक म्हणून बाद केलंस. घाई झाली. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा झाला. त्याआधी लिहिणाऱ्याने तसंच लिहायला हवं होतं. मजकूर मुळात कधीचा, हे आधी पाहत जा.

सीतेमुळे जनकपूर आणि पुढे एका धनिक विणकरामुळे जालना, ही गावाच्या नावाची गोष्ट मसुद्यात ठेव, मला ती आवडते. फक्त ती दंतकथा म्हणून लिही.

सहा हजारांचं वाक्य खोडू नकोस. ‘अंदाजे’ घाल, आणि तो अंदाज सर्वांत आधी कुणी छापला ते शोध. सापडलं नाही तर तसंही स्पष्ट लिही. तुझे सर त्याचे गुण कापणार नाहीत. ते पान झालं की मला पाठव, प्रस्तावना नंतर बघू.

तुझा,
मामा