आमचा जांभा आणि कासचे पठार

मैलूरच्या मुलांना तांबडा दगड नवा नाही. बिदरच्या किल्ल्याचा खंदक त्याच दगडात खोदलेला आहे आणि जुन्या विहिरींच्या भिंतीही त्याच्याच आहेत. भूगोलाच्या तासाला हिमालयातील उंच कुरणांचा धडा निघाला म्हणजे मुले विचारतात, ‘असले काही आपल्या बाजूस आहे काय?’ आमचे उत्तर असे की, आहे. आणि नवल हे की, ते आपल्याच दगडावर आहे.

हिमालयात साधारण साडेतीन हजार मीटरांच्या वर थंडीमुळे वृक्ष तग धरीत नाहीत. तेथे बर्फ वितळल्यावर लहान झुडपे व फुलझाडे थोड्याच आठवड्यांत आपला संसार उरकून घेतात. उत्तराखंडातील ‘फुलांची दरी’ याच कारणाने प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. तेथे तसली थंडी कोठून येणार? तरीही साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, १,२०० मीटर उंचीच्या कासच्या पठारावर वृक्ष जवळजवळ नाहीत आणि पावसाळ्याच्या अखेरीस फुलांचे गालिचे पसरतात. हिमालयात वृक्षांना थंडी अडविते. कासला दगड अडवितो.

हा दगड म्हणजे जांभा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरून काळा पाषाण झाला. पुढे युगानुयुगे उष्ण व दमट हवेत तो कुजत गेला. विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली व लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले. म्हणून त्याला हा तांबूस रंग. खाणीतून काढताना तो मऊ असतो, वाऱ्यावर राहिला की कठीण होतो. शास्त्रीय भाषेत त्यास लॅटराइट म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाचा अर्थ ‘वीट’.

कासला या खडकावर मातीचा थर बोटभर, कोठे वीतभर. चार महिने तो पाण्याने थबथबतो आणि पुढे उन्हाने भाजून निघतो. मोठ्या झाडाने मूळ रोवावे कोठे? येथे टिकते ते कंदात जीव लपवून आठ महिने काढणारे, नाही तर एका पावसात बी धरून मोकळे होणारे. तेरडा व सोनकी दुसऱ्या जातीतील. वायतुरा जमिनीखालच्या कंदावर जगतो. पाण्याबरोबर मातीतील नत्र वाहून जाते, ही आणखी एक अडचण. तिच्यावर दवबिंदू या वनस्पतीने काढलेला तोड विलक्षण आहे: पानांवरील चिकट थेंबांना भुलून बसलेला कीटक ती पचवून टाकते. नाजूक निळसर ‘सीतेची आसवे’ दिसायला बापुडवाणी. पण तिच्या ओल्या मातीतील सूक्ष्म पिशव्या बारीक जलचर गिळतात! उतारावरची कारवी मात्र घाई करीत नाही. ती सातव्या-आठव्या वर्षी फुलते आणि बी पडल्यावर वाळून जाते.

पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कास आहे. तेव्हापासून लोटणारी गर्दी पाहता आम्हांस धास्ती वाटते. बोटभर मातीत लपलेल्या कंदावर बूट पडला, तर पुढच्या वर्षी तेथे काय उगवणार?

आता बिदरकडे वळू. येथे तोच जांभा आहे. परंतु उंची कासहून पुष्कळ कमी आणि पाऊस तेथल्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा कासचा गालिचा येथे शोधू नये. आमच्या जांभ्याने आपले पाणी पोटात ठेवले आहे. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपते, खालच्या घट्ट काळ्या पाषाणाशी अडते आणि कडेने झरा होऊन बाहेर येते. नानक झिरा व नरसिंह झरणी येथे तेच पाणी दिसते. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली. त्या काळच्या कारागिरांनीही हे मर्म ओळखून नौबाद येथे भूमिगत कालवा, म्हणजे करेझ, खोदली.

सरकारी दप्तरात खडकाळ जमिनीस पोटखराबा म्हणतात. मुरूम खणून न्यावा नाही तर कचरा टाकावा, एवढाच तिचा उपयोग पुष्कळांना दिसतो. पण तो खडक फोडून नेला म्हणजे झऱ्याचे पाणी साठवणारा थरच जातो. येत्या श्रावणात मुलांनी भिंग घेऊन गावाबाहेरच्या माळावर जावे. खडकातील खळग्यांत चार बोटे पाणी साचलेले असते. त्याच्या कडेला गुडघे टेकून बसावे आणि जे उगवलेले दिसेल त्याचे चित्र वहीत काढून आणावे. झाड मात्र उपटून आणू नये.