पोटातले जिवाणू आणि उंदरांची चरबी



सूक्ष्मजीवांचा पाठ शिकवताना आपण दूध-दह्यापाशी येऊन थांबतो. पुढचे दोन प्रयोगही मुलांना जरूर सांगा. वर्गात एखाद्या गुबगुबीत मुलाला 'खादाड' म्हणून चिडवतात ना, (खरं सांगायचं तर कधीकधी आपणही मनात तेच म्हणतो) तेव्हा ते फार उपयोगी पडतात.

अमेरिकेत सेंट लुईस इथे वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जंतुमुक्त उंदीर वाढवतात. हवा, पाणी, खाणं सगळं निर्जंतुक. २००४ मध्ये तिथे दिसलं की साध्या उंदरांच्या अंगावर या उंदरांपेक्षा ४२ टक्के जास्त चरबी होती, आणि खात मात्र ते २९ टक्के कमी होते! मग साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू जंतुमुक्त उंदरांना दिले. दोनच आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. कारण काय? अन्नातला जो भाग शरीराला पचत नाही, तो जिवाणू फोडतात आणि त्यातली ऊर्जा शरीराला मिळते. शिवाय चरबी साठवण्यालाही ते हातभार लावतात.

दुसरा प्रयोग २०१३ चा. जुळ्या बहिणींच्या चार जोड्या घेतल्या, प्रत्येकीत एक लठ्ठ आणि एक सडपातळ. त्यांच्या विष्ठेतले जिवाणू जंतुमुक्त उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांवर चरबी जास्त चढली. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात (इथे वर्ग 'शी!' म्हणून ओरडणार, ओरडू द्या), त्यामुळे सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरांच्या पोटात शिरले आणि त्यांची चरबी वाढली नाही.

पण हे घडलं ते कमी चरबीचं, फळं-भाज्या भरपूर असलेलं खाणं देत असताना. तुपकट, भाज्या कमी असलेलं खाणं दिल्यावर ते जिवाणू दुसऱ्या उंदरांच्या पोटात टिकलेच नाहीत.

हे उंदरांत दिसलेलं आहे, माणसाचं शरीर आणि राहणी जास्त गुंतागुंतीची, हेही मुलांना सांगायलाच हवं.

परवा एका आईने विचारलं, "सर, ते जिवाणूंचं पेय रोज दिलं तर चालेल ना? भाजी तर हा खातच नाही." मी त्यांना एका पिंजऱ्यातल्या त्या उंदरांची गोष्ट सांगितली, दोन्ही खाण्यांसकट.