वाळवीची ओळख

२०२४ सालच्या अखेरीस येडशीच्या रानात एक वाघ आला. विदर्भातील टिपेश्वर अभयारण्यातून निघून, शेकडो किलोमीटर वाट तुडवीत तो बालाघाटाच्या या डोंगरांत येऊन पोहोचला, आणि पंचक्रोशीत जिकडे तिकडे त्याच्याच गोष्टी निघू लागल्या. वाघ ओळखण्यास कोणास शिकवावे लागत नाही. परंतु त्याच रानात, रामलिंगाच्या देवळाकडे उतरणाऱ्या वाटेवर, असा एक प्राणी पावलोपावली आहे की, आपण त्याला वारंवार पाहतो आणि बहुधा चुकीचे ओळखतो. तो प्राणी म्हणजे वाळवी.

मुलांनो, अशी कल्पना करा की, रानाच्या कडेला एका शेताच्या बांधावर जुना कडुनिंब उभा आहे. त्याच्या बुंध्यावर पुरुषभर उंचीपर्यंत मातीचा गिलावा चढला आहे. “झाड वाळवीने खाल्ले, आता ते तोडलेलेच बरे,” असे शेताचा मालक म्हणतो. कुऱ्हाड पडण्यापूर्वी आपण आरोपीची ओळख तरी पटवून घेऊ. मात्र ही पाहणी बांधावरच करावयाची. अभयारण्यात शिरल्यावर काही खरवडू नये, फोडू नये की उचलू नये.

काडीच्या टोकाने गिलाव्याची एक खपली अलगद काढा. आत फिकट रंगाचे, मऊ अंगाचे कीटक गडबडून पळू लागतील. लोक यांना पांढऱ्या मुंग्या म्हणतात, पण त्या मुंग्या नव्हेत. मुंगीची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. वाळवीला कंबर अशी नसतेच. मुंगीच्या मिशा कोपरातून वाकवलेल्या हातासारख्या असतात, तर वाळवीच्या मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या दिसतात. नात्याने तर वाळवी मुंगीपेक्षा झुरळाच्या जवळची आहे. विद्वानांना ही शंका फार दिवसांपासून होती; २००७ साली जनुकांची तुलना करून वाळवी ही झुरळांच्याच कुळातील असल्याचे दाखवून देण्यात आले.

जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत. यांपैकी आपल्यापुढची कोणती? पळणारे ते कामकरी. निरनिराळ्या जातींचे कामकरी पुष्कळदा इतके सारखे दिसतात की, त्यांच्यावरून जात सांगणे कठीण. म्हणून थोडे थांबावे. भगदाड पडले की सैनिक बाहेर येतात. सैनिकाचे डोके मोठे, पिवळसर तपकिरी असते व पुढे विळ्यासारखे दोन जबडे असतात. भिंगातून डावा जबडा पाहा. त्याच्या आतल्या धारेवर एकच ठळक दात दिसला, तर ती ओडोंटोटर्मिस गटातील वाळवी असावी. ग्रीक भाषेत ‘ओडोंटो’ म्हणजे दात. नावातच खूण सांगितली आहे. गवत गोळा करणाऱ्या काही जातींच्या सैनिकांचे डोके मात्र पुढे सोंडेसारखे निमुळते असते. ते चावत नाहीत. शत्रूवर चिकट द्रव उडवतात.

आता कडुनिंबाकडे वळू. गिलाव्याखालची साल नखाने किंचित खरवडा. खाली साल ओली व हिरवी लागली, तर झाड जिवंत आहे. ही वाळवी बहुधा वरची मेलेली, वाळकी साल खाते. उन्हापासून व मुंग्यांपासून आपले मऊ अंग वाचावे म्हणून तिने तो गिलावा केलेला असतो. तेव्हा कडुनिंबाच्या बाबतीत तिला सोडून द्यावे लागेल. पण एवढ्यावरून तिला निरुपद्रवी म्हणू नका. जवळच उसाचे नवे बेणे लावले असेल, तर हीच वाळवी त्याची कांडी आतून पोखरते. भुईमुगालाही तिच्या भाईबंदांचा उपद्रव होतो.

रानात दिसणारी उंच, कंगोरेदार वारुळे या गटातील वाळवीचीच असतात. ‘मुंग्यांचे वारूळ’ आपण सहज म्हणतो. पण माती लाळेत कालवून ते बांधते वाळवी. नागपंचमीला ज्याची पूजा होते तो नाग तिथे पाहुणा; ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण काही उगीच पडली नाही. वारुळाच्या पोटात वाळवी चक्क शेती करते. चावलेल्या काडीकचऱ्याचे स्पंजासारखे गड्डे रचून त्यांवर ती एक बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. पावसाळ्यात कधी कधी त्याच बुरशीची अळंबी वारुळावर उगवतात. (ती तोडून चाखून पाहण्याच्या भरीस कोणी पडू नये, रानात विषारी अळंबीही असतात.)

पहिला पाऊस पडून गेला की, संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे कीटक जमतात. त्यांतली वाळवी कोणती, हे ओळखणे सोपे. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे व अंगापेक्षा पुष्कळ लांब असतात; पंखांच्या मुंगीचे पुढचे पंख मोठे व मागचे लहान असतात. सकाळी अंगणात पडलेला पंखांचा सडा वाळवीचा. ज्यांनी ते पंख टाकले, त्यांतील बहुतेक पक्षी, बेडूक व पाली यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. एखादीच जोडी ओल्या मातीत शिरते. मुंग्यांमध्ये नर लवकरच मरतो. वाळवीचा राजा मात्र राणीजवळच राहतो. त्या दोघांचे वारूळ जमिनीच्या वर दिसू लागेपर्यंत काही वर्षे निघून जातात.